इथे कापू नका

"ऑपरेशन म्हणजे काय हो? एक जागा काचतेय, तिथे काप द्यायचा. संपलं!"

टेलरबाईंनी हे सगळ्या गल्लीला ऐकवून ठेवलं होतं. इस्त्रीवाल्याला सांगितलं, समोरच्या कुलपं दुरुस्त करणाऱ्याला सांगितलं, आणि धाकट्या नणंदेला तर तीनदा सांगितलं. नणंदेला काही सांगितलं की ते सगळीकडे फुकटात पोचतं, म्हणून!

आता टेलरबाईंनी एकदा ठरवलं म्हणजे ठरवलं. पण हे ऑपरेशन कशाचं, ते आधी सांगायला हवं.

दोन वर्षांपूर्वी बाईंना वरची-खालची अशी पूर्ण कवळी बसली. खालची कवळी गरीब गाय! बसवली तिथे बसली, हूं नाही की चूं नाही. वरची मात्र दुकानात शिकायला येणाऱ्या नव्या मुलीसारखी, घड्याळाकडे डोळा ठेवून. जरा ओठ वर गेला की निघाली! शिवणकाम करणाऱ्यांची एक सभा होती, तिथे बाईंना माईकवर बोलायला बोलावलं. बाई उठल्या, माईक तोंडाशी धरला, झकास हसल्या आणि "नम" म्हणाल्या. "स्कार" म्हणायच्या आत वरची कवळी माईकवर आपटली. टक्! चारही कर्ण्यांतून टक्! सभा संपेपर्यंत मागच्या रांगेतल्या बायका खोकत होत्या.

तेव्हापासून बाई मोकळ्या हसल्या नव्हत्या. हसू आलं की हात तोंडावर. बोलताना वरचा ओठ असा खाली दाबलेला, जणू पाकिटाला डिंक लावलाय. आणि तो हसण्याचा आवाज काय साधा होता? त्यांचे यजमान, म्हणजे मास्तर, मागच्या खोलीत मशीन चालवायचे. बाई पुढे गिऱ्हाइकाशी हसल्या की मास्तरांचं मशीन थांबायचं. दोन वर्षांत ते एकदाही थांबलं नव्हतं.

आणि अशात गावातल्या नाट्यगृहाचा पडदा शिवायचं काम आलं. लाल मखमल, डावं-उजवं अशी दोन पाखं, आणि वजन असं की उचलायला चार माणसं लागावीत. काम तर आलंच, वर नाट्यगृहाचा व्यवस्थापक म्हणाला, "बाई, उद्घाटनाच्या दिवशी पडद्यापुढे उभं राहून तुम्ही दोन वाक्यं बोलायची. रविवारी. आजपासून विसाव्या दिवशी."

"बोलणार!" बाई ओठ दाबून म्हणाल्या आणि तडक दातांच्या डॉक्टरकडे गेल्या.

डॉक्टर तरुण, हळू बोलणारा. त्याने ओठ उचलून पाहिला.

"हे बघा, ओठाच्या आतून हिरडीवर कातडीची एक घडी उतरते. सगळ्यांनाच असते. तुमची जाड आहे आणि फार खालपर्यंत आलीये. ओठ हलला की ती ताणते आणि कवळीला ढकलून देते."

"म्हणजे मुंढा काचतोय."

"काय?"

"अहो, हात वर केला की अख्खा झगा वर येतो ना, तसं. काखेत कापड अडकलेलं असतं. तिथे एक काप द्यायचा, की बाही मोकळी!"

डॉक्टरने हातमोजे काढले. एवढंच शिकायला त्याला कॉलेजात काही वर्षं घालवावी लागली होती.

"अगदी तसंच," तो म्हणाला. "भूल देऊन ती घडी काढू. दहा मिनिटांचं काम. तीन टाके."

"धावदोरा नको हं. उसवतो."

"नाही घालणार."

"आणि खालची?"

"ती बरी बसलीये. आत्ता वरचं बघू."

ऑपरेशनच्या दिवशी बाई खुर्चीत अशा बसल्या, की आपणच कापायला आल्यात असं वाटावं. भूल चढली, ओठ रजईसारखा जाड झाला, तरी सूचना चालूच. "टाके सारख्या अंतरावर घ्या. दोरा ओढून बघा. गाठ आतून." शेवटी तो गरीब डॉक्टरही ओरडला, "बाई, तोंड उघडं ठेवा, पण गप्प बसा!"

दहा मिनिटांत काम झालं. डॉक्टरने कागदावर लिहून दिलं: थंड खा, ओठ ताणू नका, हसू नका, चार दिवस शक्यतो कमी बोला.

कमी बोला! टेलरबाईंना कमी असं काही जमतच नाही. एकतर पूर्ण, नाहीतर अजिबात नाही. त्यांनी कागदावर खाली स्वतःच्या हाताने लिहिलं: "चार दिवस एक अक्षर नाही. म्हणजे नाही!" आणि कागद दुकानात टेपच्या खिळ्याला लटकवला.

आता खरी अडचण पुढे होती. त्या दुकानाची एक पद्धत होती. गेली तीस वर्षं बाई कापडावर खडूने खुणा करत, आणि मास्तर कापत. मास्तरांचा हात म्हणजे हात! कात्री फिरली की कापड लोण्यासारखं दुभंगायचं. पण खडूची रेघ दिसल्याशिवाय ते कात्री उघडत नसत आणि रेघ दिसली की त्यांना दुसरं काही दिसत नसे. कापण्याआधी एकच शब्द विचारायचे, "कापू?" बाई म्हणायच्या, "कापा!" तीस वर्षांत त्या दोघांमध्ये कामाचं म्हणून जे काही बोलणं झालं, ते बहुतेक एवढंच.

"मग आता चार दिवस मी विचारलं तर तू सांगणार कसं?" मास्तरांनी विचारलं.

बाईंनी विचार केला. मग लाकडी पट्टी उचलली, टेबलावर एकदा ठोकली आणि मानेने "नाही" असं केलं. मग पट्टी खाली ठेवली, हात जोडून गप्प उभ्या राहिल्या आणि मानेने "हो" केलं.

"ठोकलं तर नाही. गप्प बसलीस तर हो. बरोबर?"

बाई गप्प बसल्या.

"झकास!" मास्तर म्हणाले. मास्तरांना चष्म्याची नितांत गरज होती, पण "कापड डोळ्यांनी नाही, हातांनी दिसतं" हे त्यांचं ठरलेलं उत्तर. म्हणून लिहून दाखवायचा मार्ग तसा बंदच होता.

पहिला दिवस छान गेला. दुसऱ्या दिवशी नणंद आली.

"वहिनी, कशी आहेस?"

वहिनी गप्प.

"दुखतंय का गं?"

वहिनी गप्प.

नणंद मागच्या खोलीत गेली आणि भावाच्या कानाशी लागली. "दादा, खरं सांग. काय केलंस तू?"

"मी? काही नाही. ऑपरेशन झालंय तिचं."

"दहा मिनिटांचं ऑपरेशन! दहा मिनिटांसाठी चार दिवस कोण गप्प बसतं? आणि ती? जिला भूल देऊनही गप्प बसवता आलं नाही ती? रागावलीये ती, दादा. बायकांचा राग मला कळतो."

मास्तरांचं मशीन थांबलं. या बाजूने त्यांनी विचारच केला नव्हता! संध्याकाळी ते बायकोसमोर येऊन उभे राहिले. बाई मखमलीच्या ढिगाऱ्यात बसून झालर जोडत होत्या.

"अगं, रागावलीयेस का माझ्यावर?"

बाईंनी "नाही" म्हणायला पट्टीकडे हात नेला. पट्टी मखमलीखाली! त्या चाचपू लागल्या. इकडे उलट, तिकडे उलट, पट्टी काही सापडेना. मास्तर वाट बघत उभे; चष्म्याविना त्यांना हललेली मान कुठली दिसायला! शांतता. आणि ठरल्याप्रमाणे शांतता म्हणजे हो.

"असं होय," मास्तर खालमानेने म्हणाले. "तो निळा सूट. अकरा वर्षांपूर्वीचा. पाठीत चार बोटं कमी कापली गेली ती माझ्याकडूनच. मी तुला सांगितलं, की कापडवाल्यानेच कापड कमी दिलं होतं."

बाईंचे डोळे विस्फारले. त्या कापडवाल्याशी बाई अकरा वर्षं बोलत नव्हत्या! पट्टीचा शोध जोरात सुरू झाला.

"ते नसेल तर मग तुझी ती चांगली कात्री. ती हरवली नाही. मी तिने पत्रा कापला. टोक गेलं. मग मी ती..." मास्तरांना पुढे बोलवेना. "लपवली."

बाईंनी तोंड उघडलं! पण आतले तीन टाके आठवले, भिंतीवरचा कागद दिसला, आणि त्यांनी ते तसंच मिटून घेतलं. हा खरा निर्धार, लोकहो! पत्रा कापलेल्या कात्रीचं नाव ऐकून गप्प बसून दाखवा एकदा.

पट्टी सापडली तेव्हा मास्तर निघून गेले होते. मनाशी काहीतरी ठरवून गेले होते. उद्यापासून तिला एका शब्दाने त्रास द्यायचा नाही. तिने रेघ मारायच्या आत कात्री तयार! सगळी कामं न सांगता करून टाकायची!

न सांगता काम करणाऱ्या नवऱ्यासारखी धोक्याची गोष्ट नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी व्यवस्थापक धावत आला. "बाई, पडद्याची खालची कड अजून कापली नाही ना? उंची मोजताना आमची चूक झाली. परवा परत मोजतो. तोवर कात्री लावू नका!"

बाईंनी मान डोलावली. तो गेला. मास्तर तेव्हा बटणं आणायला गेलेले. बाईंचा ओठ ठणकत होता, आत जाऊन बर्फ धरायचा होता. पण मास्तर परत आले आणि कड कापून बसले तर? त्यांना सांगावं तर बोलायचं नाही. लिहावं तर चष्मा नाही. मग बाईंनी डोकं चालवलं. लिहायचं, पण एवढं मोठं लिहायचं, की आंधळ्यालाही वाचता यावं!

पडद्याचं एक पाख टेबलावर घडी घालून पडलं होतं, उलटी बाजू वर. बाईंनी खडू घेतला. तीस वर्षांची सवय, रेघ वाकडी म्हणून काढवत नाही. आधी पट्टी लावून, टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, सुरेख सरळ शिरोरेघ ओढली. दोन हात लांब. मध्ये खडू उचललासुद्धा नाही. मग तिला खाली हातभर उंचीची अक्षरं टांगली.

इथे कापू नका.

लांबून बघितलं. उत्तम! आणि त्या आत जाऊन बर्फाची पिशवी ओठावर धरून आडव्या झाल्या. पट्टी टेबलावरच राहिली.

पाच मिनिटांत मास्तर आले. टेबलावर लाल मखमल. मखमलीवर पांढरी, सरळ, ठसठशीत रेघ. रेघेखाली काहीतरी नक्षी होती, भरतकामाची असावी, तो नंतरचा भाग. मास्तरांचा ऊर भरून आला. रागावलीये, तरी खूण करून ठेवलीये!

"कापू?" त्यांनी आतल्या खोलीकडे तोंड करून विचारलं.

शांतता.

पडद्याचं काम, म्हणून त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं. तीस वर्षांत पहिल्यांदा. "अगं, कापू ना?"

शांतता.

मास्तरांनी खालच्या घड्या हाताने अलग केल्या, वरचा एकच पदर उचलून धरला आणि कात्री चालवली. एका दमात, या टोकापासून त्या टोकापर्यंत. एवढा सरळ काप त्यांनी आयुष्यात दिला नव्हता.

बाई बाहेर आल्या तेव्हा शिरोरेघ पूर्ण कापली गेली होती, आणि "इथे कापू नका" हे शब्द सुटून खाली लोंबत होते.

बाईंच्या छातीत एक किंकाळी तयार झाली. घशापर्यंत आली. दातांपर्यंत आली, म्हणजे जिथे दात असायला हवे होते तिथपर्यंत. आणि तिथेच थांबली. बाईंनी पट्टी उचलली. ठक! ठक! ठक! ठक! पट्टीला उभी चीर गेली.

मास्तर गोंधळले. "एकदाच ठोकायचं ठरलं होतं ना?"

बाईंनी त्यांचं मनगट धरलं आणि त्यांचं बोट एकेका अक्षरावरून फिरवलं. इ. थे. का. तिथपर्यंत येईतो मास्तरांचा चेहरा खडूसारखा झाला. ते स्टुलावर बसले.

"दहा दिवसांवर उद्घाटन," ते कसेबसे म्हणाले. "सगळ्या गावासमोर. मी तुझा पडदा फाडला गं."

तेवढ्यात नणंद डोकावली. फाटलेला पडदा, तुटकी पट्टी, स्टुलावर कोसळलेला भाऊ. "बघ! मी म्हटलं नव्हतं?" आणि ती आली तशी गेली. संध्याकाळपर्यंत गल्लीत बातमी झाली, की बाईंनी रागाच्या भरात पडदा टराटरा फाडला. कुलूपवाला दुकानासमोरून जाताना रस्ता ओलांडून जायला लागला.

बाईंनी काय केलं? रडल्या? छे! थंड दूध प्यायल्या, दिवा जवळ ओढला, सुईत लाल दोरा ओवला. मखमलीची कोवळी लव उलटी-सुलटी करून, आतून इतके बारीक टाके घालायला सुरुवात केली, की मुंगीलाही चालताना ठेच लागू नये. मास्तर समोर बसून कापड ताणून धरत होते. दोघंही गप्प. बाईंनी बोलायचं नाही म्हणून, आणि मास्तरांना बोलायची हिंमत नाही म्हणून. मध्येच मास्तर उठले, कपाटामागून टोक गेलेली कात्री काढली आणि मुकाट्याने बायकोपुढे ठेवली. बाईंनी तिच्याकडे बघितलं, त्यांच्याकडे बघितलं, आणि त्याच कात्रीने दोरा तोडला. मास्तरांना एकदम मोकळं वाटलं.

चौथ्या दिवशी संध्याकाळी काप दोन्ही बाजूंनी मिटत आला. मध्ये मात्र तळहाताएवढी जागा काही केल्या जुळेना. मखमलीची लव तिथे उडाली होती. बाईंनी दोन घटका विचार केला, आणि तिथे मागून एक छोटं झाकण शिवलं. वर उचललं की उघडतं, सोडलं की बंद. खिसाच जणू, फक्त तळ नसलेला.

दुसऱ्या दिवशी व्यवस्थापक नवी उंची घेऊन आला. गल्लीतली बातमी त्याच्या कानावर गेलेली होती. तो घाबरतच आत आला. मास्तर खांबाआड उभे. व्यवस्थापकाने पडदा तपासला, खाली, वर, कडा, आणि त्याचा हात झाकणावर गेला.

"हे काय?"

बाईंची मुदत संपली होती. चार दिवसांनी पहिला शब्द! ओठ सैल सोडून त्या म्हणाल्या, "ते... ते झाकण आहे."

"ते दिसतंय. कशाचं?"

बाई मास्तरांकडे बघू लागल्या. मास्तर खांबाकडे. व्यवस्थापकाने झाकण उचललं, भोकाला डोळा लावला, आणि तसाच उभा राहिला. बराच वेळ.

"बाई," तो म्हणाला. "तुम्हाला कसं कळलं? अहो, नाटक सुरू व्हायच्या आधी प्रत्येक नट पडद्याची कड ओढून बघतो, लोक किती आलेत ते. म्हणून तर जुन्या पडद्याची कड फाटली! इतक्या वर्षांत ही खिडकी कुणालाच सुचली नाही."

"सुचली," बाई शांतपणे म्हणाल्या. "मास्तरांना."

खांबाआड काहीतरी धपकन खाली बसलं.

रविवार आला. आदल्या दिवशी डॉक्टरने टाक्यांची जागा तपासली होती, वरची कवळी नीट बसवून दिली होती. बाईंनी आरशापुढे ओठ वर केला, खाली केला, वाकडा केला. कवळी जागची हलेना! मास्तरांनी चष्म्याचं माप दिलं होतं, बायकोने स्वतः नेऊन द्यायला लावलं. तो सोमवारी मिळणार होता.

नाट्यगृह भरलेलं. पहिल्या रांगेत डॉक्टर. विंगेत मास्तर, हातात तबक, तबकात फीत कापायची कात्री. नणंदही मागे कुठेतरी, तिला कुणी बोलावलं नव्हतं. बाई पडद्यापुढे उभ्या राहिल्या. पाठीशी लाल मखमल. माईक तोंडाशी धरला. मागच्या रांगेतल्या काही बायका आधीच खोकायच्या तयारीत.

"नमस्कार!" बाई म्हणाल्या.

पूर्ण! स्कारसकट!

"हा पडदा," बाईंनी पहिलं वाक्य घेतलं, "आम्ही दोघांनी मिळून शिवला आणि मिळूनच कापला."

टाळ्या. राहिलं एकच वाक्य: सर्वांची आभारी आहे. बाईंनी श्वास घेतला. पण समोरचे लोक हसायला लागले होते. त्यांच्याकडे बघून नव्हे, त्यांच्या मागे बघून. बाईंनी वळून पाहिलं. मखमलीतल्या झाकणातून एक डोळा गोल गोल फिरत लोक मोजत होता. तो डोळा बाईंच्या ओळखीचा होता. त्या डोळ्याला बायकांचा राग कळायचा.

आणि बाई हसल्या! हात तोंडाकडे गेलाच नाही. दोन वर्षांचं साठलेलं, मोकळं, खळखळणारं हसू. विंगेत मास्तर जागच्या जागी थांबले, मशीन थांबायचं तसे. वरचा ओठ कुठल्या कुठे गेला, तरी वरची कवळी पहाडासारखी! पहिल्या रांगेत डॉक्टर आनंदाने उभा राहिला.

आणि त्याच्या बुटांवर खालची कवळी येऊन पडली.

बाईंनी झटकन तोंड हाताने झाकलं. डॉक्टर खुर्च्यांखाली वाकला. पण दुसरं वाक्य राहिलं होतं, आणि टेलरबाईंनी एकदा ठरवलं म्हणजे ठरवलं! एका हाताने तोंड धरून त्यांनी दुसऱ्या हाताने कमरेचा खडू काढला, पडद्याकडे वळल्या आणि त्या नव्याकोऱ्या लाल मखमलीवर, शेवटच्या रांगेलाही दिसेल अशी, सुरेख सरळ शिरोरेघ ओढून लिहिलं:

सर्वांची आभारी आहे.

टाळ्यांचा कडकडाट झाला. आणि त्या कडकडाटात विंगेतून, तबक खाली ठेवल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ एक हळवा, कामसू आवाज.

"कापू?"

बाईंनी पट्टीसाठी हात पुढे केला.

पट्टी दुकानात होती.